अर्धी गोळी

"आई, गरगरतंय," असं मूल म्हणालं की आपल्या बहुतेक घरांत पहिला संशय मुलावरच घेतला जातो. आज गणिताची चाचणी आहे का? गृहपाठ राहिलाय का? डबा तसाच परत आणलास का? रात्री मोबाइल बघत बसला होतास ना? ही सारी चौकशी मूल खरं बोलतंय की खोटं, याची असते. त्याला नेमकं काय होतंय, हे त्यात कोणीच विचारत नाही. मग मूल एकदा भेलकांडतं, ओकतं, पांढरंफटक पडतं आणि दुखणं खरं असल्याची घरच्यांची खात्री पटते. खात्री पटली की उरलीसुरली चौकशीही संपते. फ्रिजवरचा औषधांचा डबा उघडतो, आजोबांची चक्करेची गोळी निघते, ती मोडून अर्धी मुलाच्या जिभेवर ठेवली जाते. तासाभरात मूल गाढ झोपतं. घर म्हणतं, गुण आला.

मूल गप्प झालं, एवढंच त्यात खरं आहे. त्याला चक्कर का आली होती, हे त्या घरात कोणालाही कळलेलं नसतं आणि कळून घ्यायची गरजही आता कोणाला वाटत नाही. माझा आरोप या समाधानावर आहे. जे समाज मुलांवर प्रेम करतो असं स्वतःविषयी सांगतात, त्यांनी मुलाच्या तक्रारीला दिलेलं उत्तर जर गुंगी हेच असेल, तर त्या प्रेमाची उलटतपासणी व्हायला हवी.

आधी त्या डब्यात काय असतं ते पाहू. बहुतेक वेळा बीटाहिस्टिन, सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन. बीटाहिस्टिन हे मेनिएरच्या आजारासाठी, म्हणजे आतल्या कानातला दाब, बहिरेपणा आणि भोवळ यांच्या एका विशिष्ट दुखण्यासाठी दिलं जाणारं औषध. अठरा वर्षांखालच्या मुलांना ते देण्याची शिफारस नाही, कारण त्यांच्यातली त्याची उपयुक्तता आणि सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. मोठ्यांच्या बाबतीतही २०१६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या जर्मन चाचणीत मेनिएरचे झटके कमी करण्यात हे औषध आणि औषध नसलेली नुसती गोळी यांत फरक दिसला नव्हता. सिनारिझिन काही देशांत पाच वर्षांपुढच्या मुलांना प्रवासातल्या मळमळीसाठी कमी मात्रेत देतात. त्याने झोप येते. गाडी लागणाऱ्या मुलाला एखाद्या लांबच्या प्रवासापुरतं डॉक्टरांच्या सल्ल्याने ते देणं वेगळं आणि रोज शाळेत डोळ्यांपुढे अंधारी येणाऱ्या मुलाला महिनाभर चारत राहणं वेगळं.

तिसरं नाव प्रोक्लोरपेराझिन. इथे थोडं थांबलं पाहिजे, कारण सर्वांत जास्त अनर्थ इथे होतो. हे औषध ज्या गटातलं आहे, त्या गटातली औषधं तीव्र मनोविकारांवर वापरली जातात. मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचं काम ते अडवतं, म्हणून ओकारी थांबते. पण शरीराच्या हालचालींचा तोल राखणंही याच डोपामाइनवर अवलंबून असतं आणि लहान वयाचा मेंदू या अडवणुकीला फार लवकर बिथरतो. दोन वर्षांखालच्या किंवा ९ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला हे औषध देऊच नये, असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ते माहितीपत्रक सुट्या दोन गोळ्या कापून घेणाऱ्या माणसाच्या हातात कधीच पडत नाही.

अर्धी गोळी दिल्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, काही मुलांच्या बाबतीत जे घडतं ते पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मान एका बाजूला वळते आणि तशीच अडकते. बुबुळं वर चढतात. जबडा आवळला जातो, जीभ बाहेर येते, बोलणं बोबडं होतं, पाठ कमानीसारखी मागे ओढली जाते. मूल शुद्धीवर असतं. त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त स्वतःचं शरीर ऐकत नाही. वैद्यकात याला औषधाने आलेला स्नायूंचा आखडा म्हणतात. ओळखता आला तर एका इंजेक्शनने बहुधा अर्ध्या तासाच्या आत मान सरळ होते, डोळे खाली येतात आणि मूल आईला हाक मारतं. उलटी थांबवायला सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइडही मुलांना हेच करू शकतं. म्हणूनच २०१३ साली युरोपच्या औषध नियंत्रकांनी एक वर्षाखालच्या बाळांना त्याची बंदी केली आणि मोठ्या मुलांनाही दुसरं काही चालेनासं झालं तरच द्यावं असं ठरवलं.

आता हेच दृश्य एखाद्या वस्तीवर, रात्री नऊ वाजता, वीज गेलेली असताना डोळ्यांसमोर आणा. डोळे पांढरे झालेली, जीभ बाहेर काढलेली, मान मुरगळलेली बारा वर्षांची मुलगी. घरातलं कोणीतरी म्हणतं, अंगात आलंय. कोणी म्हणतं, बाहेरचं आहे. लिंबू उतरवलं जातं, मिरच्या जाळल्या जातात, त्या धुराने गुदमरणाऱ्या पोरीला विचारलं जातं, "कोण आहेस तू, बोल." तिला बोलता येत नसतं, कारण जबडा आवळलेला असतो. ती बोलत नाही म्हणून तिला मारतात. गोळीचा अंमल ओसरत जातो, पहाटेपर्यंत मान आपसूक सैल होते. यश बुवाच्या पदरात पडतं. अंगारा लागू पडला, ही बातमी चार गावांत जाते. आणि त्या मुलीच्या नावाला आयुष्यभरासाठी एक बाधा चिकटते, जी पुढे तिच्या लग्नाच्या बोलण्यातसुद्धा दबक्या आवाजात पुढे येते. आदल्या रात्री दिलेल्या अर्ध्या गोळीची आठवण कोणालाच राहत नाही.

या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्याच्या रस्त्यावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं भांडले, तो त्यांच्या रक्तावरून आपण मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण मुलाच्या वाकड्या मानेकडे पाहून "याला आज कुठलं औषध दिलं होतं?" असा साधा प्रश्न विचारण्याची सवय कुठलाही कायदा लावू शकत नाही. ती शाळेने, आरोग्य केंद्राने, वर्तमानपत्राने, कीर्तनकाराने लावायची असते. ती लागलेली नाही, ही आपल्या प्रबोधनाची हार आहे आणि स्वतःला सुशिक्षित म्हणवणारा प्रत्येक जण तिचा वाटेकरी आहे.

गोळी मोडणाऱ्या आईला मी पहिला दोष देणार नाही. सरकारी दवाखाना पंचवीस-तीस किलोमीटरवर, रात्री एसटी नाही, नवरा कामाला बाहेरगावी, सासू म्हणते "आमच्या वेळी असलं काही नव्हतं". अशा बाईच्या हाती आपण एक डबाच ठेवलेला आहे. दोष त्याआधीच्या माणसांचा. प्रोक्लोरपेराझिनच्या पत्त्यावर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, अशी सूचना छापलेली असते. औषधांचे नियम १९४५ सालचे आहेत आणि दुकानात नोंदणीकृत औषधविक्रेत्याने हजर राहावं, हे बंधनही जुनंच आहे. तरीही "चक्करेची गोळी द्या हो, पोराला" एवढं म्हटलं की मेडिकलवाला पत्त्याच्या दोन गोळ्या कात्रीने कापून देतो आणि वर सांगतो, "लहान आहे ना? मग अर्धी." मुलाचं वय तो विचारत नाही. वजन तर नाहीच. मुलाची मात्रा किलोमागे मिलिग्रॅममध्ये काढतात, मोठ्याच्या गोळीचे तुकडे करून नव्हे. दुकानाच्या फळीवर औषध विकण्याचा परवाना चौकटीत लावलेला असतो. तो परवाना विश्वासाचा आहे, आणि तो विश्वास रोज दोन-चार रुपयांना विकला जातो.

डॉक्टरही यातून सुटत नाहीत. चक्कर येणाऱ्या मुलाशी निदान दहा मिनिटं बोलावं लागतं. घर फिरतं का, की डोळ्यांपुढे काळोख येतो? उभं राहिल्यावर येते, की पडल्यापडल्याही? किती वेळ टिकते? त्या वेळी कानात आवाज येतो का, उजेड नकोसा होतो का? सहा-सात वर्षांचं मूल याची उत्तरं देऊ शकतं, फक्त त्यालाच विचारलं पाहिजे, त्याच्या बापाला नव्हे. या उत्तरांवरच निदान उभं राहतं. जिथे बाहेर साठ पेशंट बसलेत, तिथे ही दहा मिनिटं परवडत नाहीत. मग सलाईन लागतं, एक इंजेक्शन टोचलं जातं, पाच दिवसांच्या गोळ्या लिहिल्या जातात. कधी तर पदवी नसलेला माणूस तापासाठी जेंटामायसिनची इंजेक्शनं टोचत राहतो. हे औषध योग्य कारणासाठी, योग्य देखरेखीखाली जीव वाचवतं. पण ते आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या पेशी मारू शकतं आणि त्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. त्या मुलाला पुढे चालताना तोल जातो म्हणून परत कोणीतरी चक्करेची गोळी देतं.

विचारलं असतं तर काय सापडलं असतं? मुलांमधल्या भोवळीचं सर्वांत मोठं कारण अर्धशिशीच्या कुळातलं आहे. दोन-तीन वर्षांचं मूल खेळताखेळता एकदम थबकतं, घाबरून आईला किंवा भिंतीला घट्ट धरतं, चेहरा पांढरा पडतो, डोळे थरथरतात आणि काही मिनिटांत ते पुन्हा काही झालंच नाही असं खेळू लागतं. या दुखण्याचं वर्णन १९६४ सालापासून वैद्यकात आहे. मूल मोठं होता होता ते बहुतेक वेळा जातं, काहींना पुढे अर्धशिशी होते. डोकं दुखत नसलं तरी झटका अर्धशिशीच्या कुळातला असू शकतो. यात आईची माहिती फार मोलाची, कारण हे दुखणं घराण्यात वाहतं. पण आईचं डोकं महिन्यातून चार वेळा ठणकतं, ती अंधाऱ्या खोलीत पदर बांधून पडते, त्याला घरात "पित्त" म्हणतात. तिच्या दुखण्याला कोणी नाव दिलेलं नसतं, म्हणून मुलाच्या दुखण्यालाही नाव मिळत नाही. बाईचं दुखणं मोजायचंच नाही, ही आपली जुनी रीत अशी पुढच्या पिढीच्या कानशिलात जाऊन ठणकते. आणि अशा मुलाला पुष्कळदा हवं काय असतं? वेळेवर झोप, वेळेवर जेवण, पुरेसं पाणी आणि झटक्याच्या नोंदी. झटके फार वाढले तरच रोजचं औषध, तेही बालरोगतज्ज्ञांनी ठरवलेलं.

सर्दीनंतर कानाच्या पडद्याआड साचलेला चिकट द्राव हे आणखी एक कारण. असं मूल अडखळतं, पडतं, टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली तर वळत नाही. त्याला धांदरट म्हणतात, लक्ष नाही म्हणून वर्गात उभं करतात. बऱ्याच मुलांचा द्राव तीन महिन्यांत आपोआप निघून जातो. नाही गेला तर छोट्या शस्त्रक्रियेने काढता येतो. त्यासाठी कोणीतरी कानात डोकावायला हवं आणि श्रवण तपासायला हवं. चष्म्याचा नंबर वाढलेला असतो, तोही मूल सांगेपर्यंत कळत नाही आणि सांगितलं तर "मोबाइल कमी कर" म्हणून गप्प केलं जातं.

मेंदूची एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. विषाणूमुळे एका बाजूच्या कानातली तोलाची शीर सुजली, तर पहिले दोन-तीन दिवस जग गरगर फिरतं, उलट्या थांबत नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी जपून दिलेलं औषध मुलाचे हाल वाचवतं आणि तसं ते द्यावंच. त्यानंतर मात्र मेंदू स्वतः शिकतो. दुसऱ्या कानावर, डोळ्यांवर, पायांच्या संवेदनेवर भिस्त ठेवून तो नवा तोल बसवतो. हे शिकणं जागेपणी, हालचालीत, खेळात होतं. गुंगीची गोळी आठवडेच्या आठवडे चालू ठेवली की ते लांबतं. ज्या मुलाने अंगणात लंगडी घालायला हवी, त्याला आपण गादीवर झोपवून ठेवतो आणि त्याला काळजी म्हणतो.

आता शाळेकडे येतो. सकाळच्या प्रार्थनेला रांगेतली एखादी मुलगी कोसळते, हे दृश्य आपल्याला इतकं सवयीचं झालंय की तिला उचलून व्हरांड्यात नेईपर्यंत प्रार्थना थांबतसुद्धा नाही. ती का कोसळली? उपाशी आली होती. रात्रीचं जेवण आधी भावाचं, मग उरलं ते तिचं. वर गुरुवारचा उपवास. पाळी चालू होती, ते कोणाला सांगायचं नव्हतं. आणि तिने घरातून निघाल्यापासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता, कारण पाणी प्यालं की लघवीला जावं लागतं आणि शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, पाणी नाही, आत पाऊल टाकवत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह बंधनकारक केलं. इमारत उभी राहिली, तिचा फोटो अहवालाला लागला आणि दाराला कुलूप लागलं. मग मुलींनी तहान मारायला शिकून घेतलं. तहान मारलेली मुलगी उन्हात अर्धा तास उभी राहिली की रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पडतं आणि ती पडते. यावर कुठलीही गोळी नाही. यावर कडी, नळ आणि झाडू आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के रक्तक्षयी निघाल्या, तर सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांतले ६७.१ टक्के. त्यावर गोळी आहे आणि ती फुकट आहे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी. जंतनाशकाची गोळी वर्षातून दोनदा. पण या गोळीविषयी पालकांच्या मनात भलता संशय! तिने पोट दुखतं, उष्णता होते, एका शाळेत म्हणे मुली चक्कर येऊन पडल्या. उपाशीपोटी घेतली तर मळमळ होते, हे खरं आहे, म्हणून ती जेवणानंतर द्यायची असते. मुली ती मुठीत धरून घरी जाताना नालीत टाकतात आणि शिक्षक रजिस्टरवर खूण करतात. मनोविकारावरच्या गटातली गोळी विनाचौकशी पोटात जाते आणि रक्त वाढवणारी गोळी नालीत जाते.

३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंची जयंती करतो. त्याच मुलींना त्याच उन्हात भाषणं ऐकायला उभं करतो. ज्या सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो, त्यांनी १८९७ च्या प्लेगात आजारी पोराला स्वतः उचलून दवाखान्यात नेलं, त्यातूनच त्यांना लागण झाली आणि त्याच वर्षी १० मार्चला त्या गेल्या. त्या पोराची तक्रार खरी आहे का, हे विचारत त्या बसल्या नाहीत. त्यांच्या नावाने चालणाऱ्या कार्यक्रमात पडलेल्या मुलीला आपण "नाटकी" म्हणावं, यासारखी दुसरी विटंबना नाही.

आणि काही चकरा अशा असतात, ज्यांत उशीर म्हणजे मृत्यू. पळताना, पोहताना, खेळाच्या ऐन भरात मुलाची शुद्ध हरपली तर ते उन्हाने झालं म्हणून सोडू नका. हृदयाच्या तालाचा दोष असू शकतो आणि त्याची पहिली तपासणी म्हणजे ईसीजी, जी तालुक्याच्या गावीही होते. सकाळी उठल्याबरोबर डोकं दुखून ओकणारं, चालताना झोकांड्या खाणारं, एकाचे दोन दिसणारं मूल मेंदूतल्या गाठीचं असू शकतं. डोक्याला मार लागल्यानंतरची चक्कर, कानातून पू येत असतानाची चक्कर, एकाएकी ऐकू येईनासं होणं, झटका येऊन नजर हरवणं, यांपैकी काहीही असलं तर घरचा डबा उघडायचाच नाही. गोळीने ओकारी थांबते आणि गाठ वाढत राहते. घर निर्धास्त होतं, हा त्या गोळीचा सर्वांत घातक गुण.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची पोरं खोकल्याच्या औषधातल्या विषाने गेली. त्यातल्या अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. तेव्हा सारा देश हळहळला, आणि हळहळायलाच हवं होतं. पण बाटलीत विष निघालं तरच आपण जागे होणार असू, तर जी औषधं शुद्ध आहेत, नियमाप्रमाणे बनली आहेत आणि केवळ चुकीच्या मुलाच्या तोंडात, चुकीच्या मात्रेत जातात, त्यांचा हिशेब कोण मांडणार? लांबच्या प्रवासात बाळाने रडू नये म्हणून त्याला प्रोमेथाझिनचं सिरप चमचाभर पाजणारे सुशिक्षित आईबाप पुण्या-मुंबईत आहेत. दोन वर्षांखालच्या बाळाचा श्वास त्याने थांबू शकतो, म्हणून २००४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. शेजारच्या प्रवाशांची झोपमोड होऊ नये, एवढ्यासाठी बाळाच्या श्वासाशी हा व्यवहार होतो. इथे गरिबीची सबब नाही, दवाखाना दूर असल्याची नाही. मूल गप्प हवं, एवढी एकच गरज आहे.

ज्यांच्या हातून अशी गोळी दिली गेली आहे आणि मुलाची मान वळली आहे, डोळे चढले आहेत, त्यांना एक कळकळीचं सांगणं आहे. दवाखान्यात गेल्यावर ती गोळी लपवू नका. डॉक्टर रागावतील, सासरे ओरडतील, शेजारी काय म्हणतील, या भीतीने घरचे "काही दिलं नाही" असं सांगतात. मग डॉक्टरांना धनुर्वाताची शंका येते, मेंदूज्वराची येते, मुलाच्या पाठीत सुई घालून पाणी काढलं जातं, स्कॅनसाठी मोठ्या शहरात पाठवलं जातं आणि घरात जनावर विकायची वेळ येते. हे सगळं एका खऱ्या वाक्याने टळतं. रिकामा पत्ता केरात टाकला असेल तर केर उपसा, तो पत्ता हातात धरा, त्यावरचं नाव डॉक्टरांना दाखवा, किती वाजता आणि किती दिली ते सांगा.